टॉलेमीने लंडन समुद्रात बुडवलं! केल्टांची गावं शोधण्याचा माझा फसलेला उद्योग

अर्धाकोस
मंडळी, गेले तीन रविवार एका भलत्याच उद्योगात घालवलेत. घरात बोलणी खाऊन झालीत, आता तुमच्याकडे आलोय.

टॉलेमी हा इ.स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहिणारा माणूस. ग्रंथाचे आठ भाग, त्यात साधारण आठ हजार ठिकाणं आणि बहुतेकांपुढे रेखांश-अक्षांश. दुसऱ्या भागात आयर्लंड, ब्रिटन, स्पेन आणि गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स व त्याच्या आजूबाजूचा मुलूख. थोडक्यात, केल्ट लोकांचं, म्हणजे रोमनांच्या आधीपासून पश्चिम युरोपात राहणाऱ्या टोळ्यांचं, बरंचसं घरदार या एका भागात आहे. आधी टोळीचं नाव, मग तिची गावं, मग आकडे. मी म्हटलं, आकडे दिलेत ना माणसाने, मग अडलंय कुठे? नकाशावर टिंबं टाकू, टोळ्या सापडतील.

त्याचा शून्य रेखांश कॅनरी बेटांवरून जातो. तिथलं सगळ्यात पश्चिमेचं बेट आजच्या हिशेबाने १८ अंश पश्चिमेला, म्हणून प्रत्येक आकड्यातून १८ वजा केले. पहिलं गाव मुद्दाम सोपं घेतलं. लोंदिनियम, रेखांश २०, अक्षांश ५४. वजाबाकी करून २ पूर्व, ५४ उत्तर. टिंब टाकलं आणि बघतो तर सगळीकडे निळं पाणी. यॉर्कशरच्या किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, भर उत्तर समुद्रात! खरं लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आणि ग्रिनिचच्या रेषेला चिकटून.

पुढे स्कॉटलंडची टिंबं टाकली तर तो देश उत्तरेकडे उभा राहायच्या ऐवजी पूर्वेकडे आडवा झोपला.

प्रश्न सरळ आहे. हे आकडे जर असे, तर ‘अमुक टोळी इथे राहायची’ असं अभ्यासक छातीठोकपणे सांगतात ते कशाच्या जोरावर?

भोचक
ब्रिटन युरोपापासून लांब सरकणार हे त्याला १८०० वर्षं आधीच कळलं होतं. मानलं पाहिजे.

मालती७
वाचतेय. खुर्ची पकडून ठेवलीय.

खडूफळा
अर्धाकोस, शून्य तुम्ही बरोबर धरलात, वजाबाकीही बरोबर. चूक एका गृहीतकात आहे. हे आकडे कोणीतरी त्या गावात उभं राहून मोजले, असं तुम्ही धरून चाललात.

तसे मोजलेले अक्षांश फार थोड्या शहरांचे होते. हिप्पार्कससारख्या जुन्या ग्रीक खगोलज्ञांनी मूठभर ठिकाणांचे दिलेले, हे टॉलेमी स्वतःच कबूल करतो. रेखांश मोजायचा तर दोन गावांत एकच ग्रहण पाहून वेळांची तुलना करावी लागे, आणि अशा नोंदी जवळजवळ नव्हत्याच. मग बाकीचे हजारो आकडे आले कुठून? व्यापाऱ्याने सांगितलं ‘इथून तीन दिवस उगवतीकडे’, खलाशाने सांगितलं ‘या नदीच्या मुखापासून त्या भूशिरापर्यंत इतके स्टेडिया’ (हे ग्रीकांचं अंतराचं माप), सैन्याच्या वाटांच्या याद्या होत्या, मारिनस नावाच्या आधीच्या भूगोलकाराचं काम होतं. हे सगळं त्याने जोडलं आणि जोडल्यावर आकड्यांत उतरवलं. म्हणजे रेखांश-अक्षांश हे त्याचं उत्तर आहे, पुरावा नव्हे. आपल्याला जायचंय ते उत्तराच्या मागे, त्या ‘तीन दिवस उगवतीकडे’पर्यंत.

त्यात मूळ माप छोटं. एराटोस्थेनिस या आधीच्या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर २,५२,००० स्टेडिया धरला होता, म्हणजे अंशाला ७००. टॉलेमीने १,८०,००० चा घेर धरला, अंशाला ५००. अंतर तेच, पण अंश लहान, म्हणून पूर्व-पश्चिम सगळं ताणलं गेलं. भूमध्य समुद्राची लांबी प्रत्यक्षात साधारण ४२ अंश भरते, त्याच्याकडे ती ६२ झाली.

आता स्कॉटलंड. त्याच्या जगाची उत्तरेची हद्द म्हणजे थुले बेट, ६३ अंशांवर. ब्रिटन आधीच उत्तरेला चढलेलं. लंडन अडीच अंशांनी वर, यॉर्क (त्याचं एबोराकम, ५७ अंश २० कला) तर सव्वातीन अंशांहून जास्त वर. सरळ उभं केलं असतं तर स्कॉटलंड हद्दीबाहेर गेलं असतं, म्हणून ते पूर्वेला वळवलं, असं एक मत. दोन वेगळे नकाशे जोडताना एक फिरला, हे दुसरं. मला पहिलं जास्त पटतं. खोली लहान आणि पाहुणा उंच असला की आपणही गादी कोपऱ्यातून तिरकी टाकतोच.

थिओडोलाइट
खडूफळा सरांना अनुमोदन. जमीनमोजणीत अर्धं आयुष्य गेलं, त्या अनुभवाने दोन गोष्टी.

एक. त्याचे आकडे अपूर्णांकांत आहेत. अंशाचा अर्धा, तिसरा, चौथा, बारावा हिस्सा. कितीही बारीक केलं तरी ५ कला, म्हणजे उत्तर-दक्षिण नऊ किलोमीटरच्या आत तो जाऊच शकत नाही. आणि बरेच आकडे पूर्ण किंवा अर्ध्या अंशात आहेत. ते अंदाजपंचे. तुमच्या लंडनचे दोन्ही आकडे पूर्ण अंशात आहेत, बघा.

दोन. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत. आल्फा म्हणजे १, डेल्टा म्हणजे ४, लांबडा म्हणजे ३०. मोठ्या लिपीत या तिन्ही अक्षरांचा चेहरा त्रिकोणी. नकलाकाराची मेणबत्ती विझत आली असेल तर चाराचा एक व्हायला काय वेळ? आपल्यापर्यंत आलेल्या जुन्यातल्या जुन्या चांगल्या प्रती तेराव्या शतकाच्या आसपासच्या, म्हणजे मधे हजार वर्षांहून जास्त नकलांवर नकला.

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या भूमापनवाल्यांनी हाच उद्योग संगणकावर केला, २०१० मध्ये जर्मानियाचा, म्हणजे आजच्या जर्मनीकडच्या मुलखाचा, भाग ग्रंथरूपाने आला. त्यांनी सगळा नकाशा एकदम सरकवला नाही. ज्या ठिकाणांची चूक एकसारखी आहे त्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गट वेगळा सरकवला. तुम्हीही स्कॉटलंड वेगळं काढा, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पाहा.

मोडीवाचक
नकलाकारांचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. आपल्याकडे ‘ध चा मा’ची आख्यायिका आहे. तिकडे तर ‘ध चा मा’ होऊन अख्ख्या बेटांची नावं बदललीत, आणि तीच आज अधिकृत आहेत.

स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडिस बेटं. जुन्या ग्रंथांत नाव ‘एबुदेस’. कोणीतरी ‘उ’ची जोडरेघ ‘रि’ अशी वाचली, एबुदेसचं एब्रिदेस झालं. शेजारचं आयोना बेट मुळात ‘योउआ’, तिथे ‘उ’चा ‘न’ झाला. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहिलेली लढाई ‘ग्राउपियुस’ डोंगरावरची, पंधराव्या शतकातल्या छापील आवृत्तीत ती ‘ग्राम्पियुस’ झाली आणि त्यावरून एका डोंगररांगेला ग्रॅम्पियन नाव पडलं.

माझा सगळ्यात लाडका किस्सा जर्मानियातला. टॉलेमी तिथे सिआतुतांदा नावाचं गाव देतो. लोक शोधून दमले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की टॅसिटसच्या लॅटिनमध्ये, फ्रिसियन लोकांच्या बंडाच्या वर्णनात, ‘आद सुआ तुतांदा’ असे शब्द आहेत. अर्थ ‘आपलं ते राखण्यासाठी’. म्हणजे वाक्याचा तुकडा गाव म्हणून यादीत शिरला! सगळ्यांनाच हे मान्य नाही, पण मला मान्य आहे, कारण असलं वाचन मी स्वतः केलेलं आहे. एका दफ्तरात दोन दिवस ‘मौजे’ समजून एक गाव शोधत होतो, ते शेवटी एका माणसाचं आडनाव निघालं.

क्लेरमाँवाली
नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते, पण या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला आहोत, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेर्गोव्हीचं पठार दिसतं. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांपुढे आणा. तसंच सपाट माथ्याचं, आणि दगड काळा बसाल्ट.

हे ते गेर्गोव्हिया जिथे इ.स.पू. ५२ मध्ये आर्व्हेर्नी टोळीच्या व्हेर्सिंगेतोरिक्सने रोमन सेनापती सीझरला मागे रेटलं. सीझर स्वतः लिहितो की त्या दिवशी ४६ सेंच्युरियन (तुकड्यांचे नायक) आणि सातशेच्या आत-बाहेर सैनिक पडले. हरलेल्याने दिलेला आकडा, म्हणजे किमान तेवढे तरी गेलेच असणार.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मीही अर्धाकोस यांच्यासारखी टॉलेमीत आर्व्हेर्नींचं पान काढून बसले. त्यात गेर्गोव्हिया नाहीच! एकच गाव आहे, ऑगुस्तोनेमेतुम. ते म्हणजे आमचं क्लेरमाँ, खालच्या मैदानातलं. आधी वाटलं टॉलेमी विसरला. मग इथल्या एका वयस्कर गाईड बाईंनी समजावलं, की तुम्ही आजोबांच्या पत्त्यावर नातवाला शोधताय. सीझर आणि टॉलेमी यांच्यात दोनशे वर्षं गेलीत. रोमन राज्य आल्यावर डोंगरावरचे गड रिकामे झाले, लोक खाली रस्त्याकडेला वसवलेल्या नव्या शहरात आले. टॉलेमीच्या यादीत ती नवी शहरं आहेत. तिकडे एदुई टोळीचंही असंच झालं. सीझरच्या काळी त्यांची राजधानी बिब्राक्ते, ब्यूव्ह्रे डोंगरावर. टॉलेमीत मात्र ऑगुस्तोदुनुम, म्हणजे खालचं ओतँ.

आणि ही गोष्ट कित्येक शतकं लोकांच्या लक्षातच नव्हती. बिब्राक्ते म्हणजेच ओतँ, असंच मोठमोठे विद्वान मानत. ज्याने उलटं सिद्ध केलं तो ब्यूलियो ओतँचाच वाइनचा व्यापारी होता. त्याने १८६७ पासून डोंगरावर खणायला घेतलं. त्याचा एक मुद्दा मला फार आवडतो. त्या उजाड डोंगरमाथ्यावर दर वर्षी मे महिन्यात जत्रा भरायची. वस्ती नाही, तरी लोक वर चढून बाजार मांडतात. कशासाठी? कारण एके काळी बाजार तिथेच होता. गाव उठलं, जत्रा राहिली.

खडूफळा
ताई, जत्रेचा मुद्दा लाखमोलाचा. गाव उठलं तरी देव आणि जत्रा उठत नाहीत, हे धरणाखाली गेलेल्या गावांच्या लोकांना विचारावं.

भोचक
गेर्गोव्ही गावाचं आधीचं नाव काय होतं तेही सांगा की ताई. ;)

क्लेरमाँवाली
सांगते. पठाराच्या पायथ्याचं गाव मेर्दोन्य. फ्रेंच येणाऱ्यांना ते कानाला कसं लागतं ते कळेल, थेट शिवीसारखं. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन १८६२ मध्ये इथे येऊन गेला, त्याच्या माणसांनी खणून सीझरच्या छावण्यांचे खंदक दाखवले, आणि १८६५ मध्ये गावाचं नाव बदलून गेर्गोव्ही करण्यात आलं. त्यामुळे ‘नावच गेर्गोव्ही आहे, म्हणजे जागा हीच’ असं म्हणायची सोय नाही. नाव नंतर चिकटवलेलं आहे. इथे अजूनही काही लोक क्लेरमाँच्या उत्तरेच्या टेकड्यांवर खरं गेर्गोव्हिया होतं असं हिरिरीने सांगतात. १९९० च्या दशकात पुन्हा खणल्यावर ते खंदक आणि त्या काळचं सामान निघालं, तेव्हा बहुतेक अभ्यासक पठाराच्या बाजूने आहेत. मात्र शेजारीच कोराँ आणि गोंदोल अशी आणखी दोन मोठी गडवस्तीची ठिकाणं निघाली आहेत, सगळी काही किलोमीटरच्या आत. तेव्हा ‘राजधानी कोणती’ हा प्रश्न मिटला असं समजू नका.

खरा_इतिहास
इतकी चर्चा चालली आहे पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. केल्टांचे पुरोहित द्रुइड. द्रुइड म्हणजे द्रविड. हे लोक इथूनच गेले. नावांमध्ये संस्कृत ठासून भरलेलं आहे पण पाश्चात्त्य विद्वान सांगणार नाहीत.

मोडीवाचक
पाश्चात्त्य विद्वान गेली दोनशे वर्षं ओरडून सांगताहेत, ऐकायला कोणी तयार नाही ही गोष्ट वेगळी. :)

केल्ट भाषा आणि संस्कृत एकाच मूळ कुटुंबातल्या, चुलत बहिणी. एक दुसरीची आई नाही. द्रुइडची बहुमान्य फोड ‘द्रु’ आणि ‘विद्’. द्रु म्हणजे झाड (आपलं द्रुम, दारु), विद् म्हणजे जाणणं. द्रविडाशी संबंध नाही. उलट कुटुंब म्हणून पाहिलं तर मजा जास्त येते:

व्हेर्सिंगेतोरिक्समधला ‘रिक्स’ म्हणजे आपला राज्, राजा. ब्रिगांतेस टोळीचं नाव ‘बृहत्’च्या नात्यातलं, उंचावरचे, थोर. ‘नोव्हियो’ म्हणजे नव, ‘मेदियो’ म्हणजे मध्य. ‘दुनुम’ म्हणजे गड. मग नोव्हियोदुनुम म्हणजे झाला की नवगड! आयर्लंडमध्ये टॉलेमी बुविंदा नदी देतो, आजची बॉइन. त्यातला ‘बोउ’ म्हणजे गो, ‘विंदा’ म्हणजे पांढरी. पांढरी गाय. नदीला गाईचं नाव, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आणि इंग्लंडात हंबर खाडीवर पेतुआरिया नावाचं गाव आहे, त्यातला ‘पेतुआर’ म्हणजे चत्वार, चार.

मालती७
गोदाकाठची आहे मी. पांढरी गाय वाचून उगाच भरून आलं.

अर्धाकोस
पेतुआरिया माझ्या यादीत आहे! ते पारिसी टोळीचं म्हणून दिलंय. पण पारिसी तर पॅरिसचे ना? यॉर्कशरमध्ये काय करतात?

खडूफळा
छान पकडलंत. तीच टोळी की नुसतं नाव सारखं, यावर वाद आहे. पण पेतुआरिया मात्र पक्कं झालं. हंबरकाठच्या ब्रफ गावात १९३७ मध्ये एक शिलालेख निघाला, एका नाटकगृहाच्या रंगमंचाच्या देणगीचा, आणि त्यात गावाच्या नावाची सुरुवात आहे. त्याच भागात रथासकट पुरलेली माणसं सापडतात, आणि तशी दफनं उत्तर फ्रान्समध्येही आहेत. तेव्हा काहीतरी धागा असावा.

एक नाव अनेक ठिकाणी, हे तर पदोपदी. ब्रिगांतेस उत्तर इंग्लंडात आहेत आणि टॉलेमीच्या आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातही आहेत. गावांचंही तेच. ‘व्हेंता’ नावाची तीन गावं ब्रिटनमध्ये. मग ओळखायची कशी? आपण पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव हरेश्वर म्हणतो, तसं मागे टोळीचं नाव लावायचं. व्हेंता बेल्गारुम म्हणजे बेल्गींचं व्हेंता, आजचं विंचेस्टर. व्हेंता इकेनोरुम इकेनींचं, नॉर्विचजवळ. व्हेंता सिलुरुम वेल्समध्ये, आजचं केरवेंट.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. गॉलमध्ये तिसऱ्या-चौथ्या शतकात गंमत झाली. जोडनावातलं गाव गळून पडलं आणि टोळी तेवढी उरली. लुतेतिया पारिसिओरुम मधलं लुतेतिया गेलं, पारिसी राहिले, पॅरिस झालं. रेमींचं दुरोकोर्तोरुम, त्याचं रँस. आंबियानींचं सामारोब्रिव्हा (म्हणजे सोम नदीवरचा पूल), त्याचं आमियँ. तुरोनींचं तूर, नाम्नेतींचं नांत, लेमोव्हिकींचं लिमोज, काद्दुर्कींचं काओर, त्रेव्हेरींचं ट्रियर. फ्रान्सच्या उत्तरेचा आणि मध्याचा नकाशा म्हणजे टोळ्यांची हजेरीपुस्तिका आहे. बितुरिगेस तर दोनदा हजर. आघात एका अक्षरावर पडला तिथे बूर्ज शहर झालं, दुसऱ्यावर पडला तिथे बेरी हा प्रांत झाला. दक्षिणेत मात्र, रोमनांच्या जुन्या प्रांतात, गावांनी आपली नावं सोडली नाहीत. नार्बोन, नीम, आर्ल.

म्हणजे गॉलमधल्या टोळ्या टॉलेमीच्या आकड्यांवरून सापडल्याच नाहीत. त्या आजच्या स्टेशनांच्या पाट्यांवरून सापडल्या.

थिओडोलाइट
दुरुस्ती सुचवतो सर, ‘काद्दुर्की’ नव्हे, कादुर्की, एकच द.

खडूफळा
मान्य. टंकायचा हात जड झालाय. पाहा, नकलाकाराला नावं ठेवता ठेवता आपणही त्यातलेच.

थिओडोलाइट
अंतरांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गावाची जागा नक्की करायला टॉलेमीपेक्षा वाटांच्या याद्या जास्त उपयोगी पडतात. ‘अमुक ते तमुक इतके मैल’ एवढंच त्यांत असतं. आंतोनिनसच्या नावाची एक यादी आहे, आणि व्हिएन्नात ठेवलेला तो प्रसिद्ध चामड्याचा पट्टा, पॉइटिंगरचा नकाशा. जवळपास पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम वीतभर-दीड वीत रुंद. देशांचे आकार त्यात इतके चेपलेत की ओळखूच येत नाहीत. पण एसटीच्या वेळापत्रकाला देशाचा आकार लागत नाही, थांबे आणि अंतरं लागतात.

मात्र एक सापळा आहे. रोमन मैल साधारण १.४८ किलोमीटरचा. गॉलमध्ये मात्र लोक आपली ‘ल्यूगा’ सोडेनात. दीड मैलाची एक ल्यूगा, म्हणजे २.२ किलोमीटर. त्या पट्ट्यावर लियोंपाशी चक्क टीप आहे की इथपर्यंत ल्यूगा. जुन्या अभ्यासकांपैकी कोणी ती टीप विसरला की त्याचं गाव दीडपट जवळ किंवा लांब जायचं. आपल्याकडचा कोस असाच, सरकारी वेगळा आणि गावचा वेगळा. राज्य बदललं तरी पायाखालचं माप बदलायला पिढ्या जातात.

तेरणाकाठ
मी तेरचा. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं. या विषयात आमच्या गावाचा वाटा आहे म्हणून घुसतो.

याच टॉलेमीच्या सातव्या भागात आपल्याकडची गावं आहेत. पैठणला तो बैथाना म्हणतो आणि तिथल्या राजाचं नाव देतो सिरो टोलेमाइओस, म्हणजे श्री पुळुमावी. स्वतःचंच नाव सातवाहनाला लावून टाकलं पठ्ठ्याने! तगरही आहे. हे तगर कुठलं, यावर शंभरेक वर्षं वाद चालला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. पेरिप्लस या दुसऱ्या ग्रीक पुस्तकात अंतर आहे, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. शेवटी १९०१ मध्ये शिलालेखांचा अभ्यासक फ्लीट याने तेर म्हणून सांगितलं आणि ते टिकलं. दिशा तंतोतंत पूर्व नाही, आग्नेय आहे. पण नाव, अंतर, आणि मातीतून निघालेलं रोमन वळणाचं सामान अशी तिन्ही जुळली. आणि हो, त्या नकाशात आपला किनारा पण झोपलेला आहे. भारताचं टोकदार द्वीपकल्पच नाही त्यात.

अर्धाकोस
म्हणजे स्कॉटलंड आणि कोकण एकाच गादीवर आडवे. सरांची उपमा फिट्ट.

मालती७
एक बाळबोध प्रश्न. इतक्या चुका आहेत तर टॉलेमी बाजूला का नाही ठेवत?

खडूफळा
कारण चूक म्हणून बाजूला ठेवलेलं कधीकधी खरं निघतं. ऐका.

टॉलेमी लिहितो की रोमनांची दुसरी ऑगुस्ता सेना ‘इस्का’मध्ये आहे, आणि हे इस्का तो दुम्नोनी टोळीच्या मुलखात देतो, म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंडातलं एक्सिटर. विद्वान हसले. कारण ती सेना वेल्समधल्या दुसऱ्या इस्कामध्ये, केरलियनला होती, हे ढिगाने मिळालेल्या लेखांवरून माहीत होतं. दोन इस्का, म्हातारा गोंधळला, असं म्हणून प्रकरण मिटवलं. मग १९७० च्या दशकात एक्सिटरला कॅथीड्रलच्या बाजूला खणलं तर खाली सेनेचं भलंमोठं स्नानगृह आणि गडकोट! केरलियनला जाण्याआधी, साधारण इ.स. ५५ ते ७५, एक सेना खरोखरच तिथे होती. आजही काही जण गोंधळाचीच बाजू घेतात. माझ्या मते टॉलेमीने शिळी बातमी छापली, पण बातमी खोटी नव्हती.

यातून कामाची गोष्ट अशी की त्याच्या यादीतली प्रत्येक ओळ वेगळ्या वयाची आहे. एक सीझरच्या मागच्या पिढीची, एक कालपरवाची, शेजारी शेजारी. आयर्लंडमध्ये तर रोमन सेना घेऊन गेल्याची नोंदच नाही, तिथली नावं व्यापाऱ्यांच्या तोंडची. म्हणून किनाऱ्यावरच्या नद्या ओळखू येतात, सेनोस म्हणजे शॅनन, बुविंदा म्हणजे बॉइन, पण आतली गावं हवेत. एब्लाना म्हणजे डब्लिन असं पाठ्यपुस्तकी उत्तर आहे, मी परीक्षेत त्याला अर्धेच गुण दिले असते.

खरा_इतिहास
मग यात खोटं काहीच नाही का? सगळे प्रामाणिक?

मोडीवाचक
हा प्रश्न चांगला विचारलात, मनापासून. खोटं आहे, आणि बेमालूम आहे. अठराव्या शतकात कोपनहेगनमध्ये चार्ल्स बर्ट्रम नावाचा एक इंग्रज तरुण होता. त्याने १७४७ पासून स्टुकली या नामांकित पुरातत्त्वप्रेमीला पत्रं धाडली, की मला मध्ययुगीन साधूने लिहिलेलं रोमन ब्रिटनचं वर्णन सापडलंय. १७५७ मध्ये ते छापलं. त्यात नव्या टोळ्या, नवी गावं, नव्या वाटा, टॉलेमीत जिथे जिथे भोकं आहेत नेमकी ती बुजलेली. सगळं बर्ट्रमने घरी बसून रचलेलं! मूळ पोथी कोणी कधीच पाहिली नाही. तरी जवळजवळ शंभर वर्षं ते प्रमाण मानलं गेलं, सरकारी नकाशांत नावं शिरली.

मोडी कागदांत आम्ही पहिला धडा हाच शिकतो. ज्या कागदात तुमच्या सगळ्या शंकांची उत्तरं आहेत, तो कागद आधी उजेडात धरून बघा.

क्लेरमाँवाली
आणि याच्या बरोब्बर उलटं टोक म्हणजे मांखिंग. जर्मनीत, डॅन्यूबजवळ. सात किलोमीटर लांबीची तटबंदी, आत ३८० हेक्टर गाव, केल्टांच्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक. आणि त्याचं प्राचीन नाव कोणालाच माहीत नाही! मुलूख विंदेलिकींचा, एवढंच. तिथल्या संग्रहालयातून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ४८३ केल्टिक सोन्याची नाणी चोरीला गेली तेव्हा जगभर बातम्या आल्या. आम्ही त्याआधीच्या उन्हाळ्यात ती नाणी काचेतून पाहिली होती. वाटीसारखी खोलगट, मसुराच्या दाण्यावर अंगठा दाबल्यासारखी. आयर्लंडात नावं आहेत आणि गावं सापडत नाहीत, इथे गाव आहे, कोट आहे, टांकसाळीचा माल आहे, आणि हाक मारायला नाव नाही.

भोचक
सिआतुतांदा देऊन टाका त्यांना. तसंही ते रिकामंच आहे.

अर्धाकोस
भोचकराव, :D

सगळ्यांचे आभार. काल रात्री फाइल पुन्हा उघडली. आकड्यांचे दोन्ही रकाने लपवून टाकले आणि तीन नवे केले. ‘शेजारी कोण’, ‘किनाऱ्याच्या कोणत्या नदीनंतर’, आणि ‘बातमी कोणत्या वयाची’. तिसरा जवळजवळ रिकामाच आहे. पण पहिल्या दोनांवरून पूर्व किनारा खालून वर लावत गेलो आणि त्रिनोव्हांतेस, मग इकेनी, मग पुढे हंबरवर पारिसी, असे एकामागोमाग एक येऊन बसले. लंडन अजून जमिनीवर यायचंय. टॉलेमी ते कांती टोळीला देतो, म्हणजे केंटवाल्यांना, थेम्सच्या दक्षिणेला. सर, हीपण शिळी बातमी, की नुसती चूक?

खडूफळा
नदीच्या दोन्ही काठांना वस्ती होती हो. दक्षिण काठाने कोणी आलं असेल तर त्याने काय सांगितलं असेल, विचार करा. उद्या सविस्तर लिहितो, आता दिवे गेलेत आणि मोबाइल आठ टक्क्यांवर आहे.